फिल्मवरची धूळ

कापडात मुरलेला रंग कोणता आणि कापडावर नुसता येऊन बसलेला डाग कोणता, हे तिला बोटाच्या टोकाने कळायचं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत, भरपूर उजेडाच्या टेबलापाशी बसून ती इतकी वर्षं हेच करत आली होती. लोक पुढच्या काउंटरवर लग्नातला कोट नाहीतर रेशमी साडी टाकत, "निघेल ना हो?" असं रडवेल्या तोंडाने विचारत, आणि मालक मान वळवून मागे तिच्याकडे बघत. तिने मान हलवली की डाग गेलाच म्हणून समजायचं. घरीही तिचा हात स्वस्थ नसे. तिच्या राज्यात धुळीला थारा नव्हता, आणि तिची आई कौतुकाने आणि थोड्या वैतागाने म्हणायची, "हिच्या घरात बसायचं तर आधी स्वतःला झटकून घ्यावं लागतं."

आईचं हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं होतं ते तिच्या धाकट्या भावाने. त्याला सगळे बारक्या म्हणत. आता तो चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, दारातून आडवं होऊन शिरावं लागेल असा गडी होता, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. लोकांना गाडी चालवायला शिकवणं हा त्याचा धंदा. त्यामुळे जीव मुठीत धरून बसायचा आपल्याला पगार मिळतो, असं तो सांगे. लग्नाचं त्याचं कुठे जमलं नाही आणि त्याचं त्याला फारसं काही वाटलंही नाही. दर रविवारी तो आई आणि ताईकडे जेवायला यायचा, दोन माणसांचं जेवायचा आणि चार माणसांचं बोलायचा. तिचं स्वतःचं लग्न मोडलं तेव्हा सल्ले द्यायला बरेच जण आले होते. बारक्या आला तो गाडी घेऊन. तिचं सामान त्याने मागे भरलं आणि घर येईपर्यंत एकही प्रश्न न विचारता, आपले विद्यार्थी ब्रेकच्या जागी काय काय दाबतात याच्या गोष्टी सांगत राहिला. त्या दिवसापासून जगात तिला हक्काचं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर तिने आईच्याही आधी त्याचं नाव घेतलं असतं.

आईच्या पंचाहत्तरीच्या वर्षी कपाटामागचा पाण्याचा पाइप फुटला आणि घरातल्या सगळ्या अल्बमांचा लगदा झाला. आईने वरवर काही दाखवलं नाही, पण पुढे कितीतरी दिवस ती जेवताना मध्येच थांबायची. वाचला तो फक्त निगेटिव्हचा डबा, कारण बाबांनी तो हयात असतानाच माळ्यावर टाकला होता. बाबांना फोटोंचा भारी नाद. प्रत्येक रोलच्या पट्ट्या कापून त्यांनी पातळ कागदी पाकिटांत घालून ठेवल्या होत्या. आईची पंचाहत्तरी जवळ आली होती. त्या दिवशी भिंतीवर पडदा लावून हे सगळे फोटो दाखवायचे, ही कल्पना बारक्याची. स्टुडिओ बंद करत असलेल्या एका फोटोवाल्याकडून त्याने जुना स्कॅनर उचलून आणला आणि तिच्या टेबलावर ठेवला.

"यात धूळ काढायची सोय आहे," तो म्हणाला. "डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो. तो फोटोतल्या रंगातून आरपार जातो. त्याच्या लेखी रंग म्हणजे नुसती काच. पण वर काही बसलं असेल, धूळ म्हण, केस म्हण, तर तिथे तो अडतो. अडला की यंत्राला कळतं, हे चित्रातलं नाही, वरचं आहे. मग तेवढं काढून टाकायचं आणि आजूबाजूचं बघून भोक बुजवायचं."

"म्हणजे रफू."

"झालं! फोटोवाल्याने मला अर्धा तास पिडलं, आणि तू एका शब्दात उरकलंस. म्हणून तर हे काम तुझं, ताई. मी काय, उंटावरून शेळ्या हाकीन."

दुकानातून परतल्यावर संध्याकाळी दोन तास, असं काम सुरू झालं. पट्टी पाकिटातून कडेने धरून काढायची, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवायची, चौकट काचेवर ठेवायची, झाकण लावायचं. आतला दिवा घरघरत सरकायचा आणि नारिंगी पट्टीवरची काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची भुतं पडद्यावर माणसं होऊन उभी राहायची. पहिलं पाकीट तिने यंत्रावर सोडलंच नाही. जित्याची खोड, तिने दुकानातून डाग काढायचा तिचा नेहमीचा द्रव आणला, मऊ सुती फडक्यावर दोन थेंब घेतले आणि प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंनी पुसून काढली. फडकं करडं झालं तेव्हा तिला बरं वाटलं. त्या पाकिटात तळ्यावरच्या सहलीचे फोटो होते: होडी, आई, दोन वेण्या घातलेली ती, पुन्हा होडी. बारक्या एकाही फोटोत नव्हता. बाबांच्या पायाशी भोकाड पसरून बसला असेल, असं मनाशी म्हणून ती हसली.

दुसऱ्या पाकिटाच्या वेळी बाटली संपली होती, म्हणून तिने पडद्यावर धूळ काढायच्या सोयीपुढे खूण केली. पहिलाच फोटो एका बागेच्या भिंतीपुढचा होता. ती नऊ-दहा वर्षांची, उन्हाने डोळे बारीक केलेली. उजवा हात खाली, शरीरापासून जरा लांब, आणि बोटं अशी मिटलेली की जणू त्यांत काहीतरी आहे. मागे विटांची भिंत. दुसऱ्या कुणाला त्या भिंतीत काही दिसलं नसतं, पण तिचा जन्म दुसऱ्यांचं रफू तपासण्यात गेला होता. हाताच्या शेजारी विटांची ओळ एका जागी किंचित चुकली होती, आणि एक तुटकी वीट, तिचा कोपरा जसाच्या तसा, दोनदा आली होती.

तिने पट्टी काढून खिडकीशी धरली. त्या इवल्याशा नारिंगी चौकोनात तिचं बोट धरून एक मुलगा उभा होता. चौकड्याचा सदरा, पोट पुढे. बारक्या.

तिने खूण काढून टाकली आणि तीच पट्टी पुन्हा फिरवली. आता फोटोवर धूळ, धागे, एक लांब केस, सगळा उकिरडा आला, आणि मधोमध तोही आला, दात पडलेला, हसणारा. तिला इतकं हायसं वाटलं की तिने त्याला लगेच फोन लावला.

"अरे, यंत्राने तुला धूळ समजून काढून टाकलं होतं!"

"बघ! जे आईला जमलं नाही ते यंत्राने करून दाखवलं," तो म्हणाला, आणि दोघंही पोट धरून हसली.

पण हसून झाल्यावर तिला चैन पडेना. त्या न दिसणाऱ्या उजेडाला जे दिसतं त्याचंच एक करडं चित्र वेगळं काढून बघायची सोय त्या यंत्रात होती. तिने ते काढलं. भिंत नव्हती, झाडं नव्हती, वेण्या घातलेली मुलगी नव्हती. उजेड त्या सगळ्यातून निघून गेला होता आणि पडदा कोरा होता. त्या कोरेपणावर धुळीचे ठिपके होते, तो लांब केस होता, आणि एक लहान मुलगा होता, हात वर करून कशाला तरी धरलेला. सदऱ्याची चौकडीसुद्धा मोजता आली असती.

तिने त्या पाकिटातल्या सगळ्या पट्ट्या तशाच बघितल्या. आई विरघळून जायची, ती स्वतः विरघळून जायची, आणि तो उरायचा.

कापडावरच्या डागाला ती कधी घाबरली नव्हती. त्या संध्याकाळी ती घाबरली. कारण तिला पहिलं पाकीट आठवलं. तळ्याच्या पट्ट्या तिने एकेक करून खिडकीशी धरल्या. होडी होती, आई होती, ती होती. तिच्या शेजारी होडीची फळी स्वच्छ होती. आणि ते करडं फडकं तिने त्याच दिवशी साबणाने धुऊन वाळत टाकलं होतं.

रविवारी बारक्या आला. जेवताना विषय फोटोंचा निघणारच होता. "तळ्यावरचे आले का गं? मी होडीतून पडलो होतो ते? खिळा लागून नडगी फाटली होती, टाके पडले होते," तो म्हणाला.

आईने वाढता वाढता वर पाहिलं. "तू कधी आलास तळ्यावर? आम्ही तिघंच गेलो होतो."

"आई, अगं टाके आहेत माझ्या पायाला!"

"मग दुसरीकडे कुठे पडला असशील. तळ्यावर आम्ही तिघंच. मला चांगलं आठवतंय, होडीवाला म्हणाला होता, तीनच माणसं, बसा ऐसपैस."

आई भांडत नव्हती, चाचरत नव्हती. रोजच्या बाजाराबद्दल बोलावं तसं बोलत होती. बारक्याने हसत पँट वर गुडघ्यापर्यंत ओढली आणि नडगीवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या पायाची ओढली. दोन्ही नडग्या गुळगुळीत होत्या. "इथे होती खूण," तो म्हणाला, आणि मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "कुणीतरी सांगितलेलं माझ्या डोक्यात बसलं असेल." त्याने ते हसण्यावारी नेलं, पण त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. तिला त्याचा हात घट्ट धरून ठेवावासा वाटला. चाळिशीच्या भावाचा हात जेवणाच्या टेबलावर विनाकारण कोण धरतं? ती उठली आणि पाणी आणायला गेली.

तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तो घरी आला तो दिवस तिला आठवत होता. आईने दुपट्यातलं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवून "घे, हा तुझा" म्हटलं होतं, आणि तिने ते मुकाट्याने घेतलं होतं. कुठून आला, कसा आला, हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं आणि आता तिला विचारायचंही नव्हतं. वरून येऊन बसलेला असेल तर असू दे. तो तिचा होता, आणि त्याला जपायचं एवढंच तिला कळत होतं.

त्या दिवसापासून तिने फडक्याला हात लावला नाही. पण पट्टी पाकिटातून नुसती काढली तरी कागदाच्या घडीत चिमूटभर करडी भुकटी राहायची. चौकट उचलली की काचेवर बारीक कण दिसायचे, आणि त्यातले कोणते साधे आणि कोणते त्याचे हे, बोटाच्या टोकाने सगळं ओळखणाऱ्या तिला, ओळखता यायचं नाही. ती श्वास रोखून काम करायची. काच पुसायची नाही, टेबल झटकायचं नाही, पंखा लावायचा नाही. सांडलेले कण ती कागदाच्या कडेने गोळा करून पुन्हा पाकिटात सोडायची. पडद्यासाठी तिने एकेक फोटो त्याच्या सगळ्या उकिरड्यासकट साठवायला घेतला. काम मुंगीच्या पावलाने चाललं. टेबलावर धुळीचा थर चढला, आणि आई दारातून बघून म्हणायची, "तुझं बरं आहे ना गं?"

"टेबलाला हात लावू नकोस, आई. काही झालं तरी."

"नाही गं बाई. मी कशाला लावू?"

आणि आईने शब्द पाळलाही. पण पंचाहत्तरी तोंडावर आली, फोटो अर्धेही झाले नव्हते, आणि लेक दुकानातून येऊन धुळीत बसते, डोळे लाल करून घेते, हे त्या माउलीला बघवेना. टेबलाला तिने खरोखरच हात लावला नाही. तिने फक्त डबा घेतला.

लेक घरी आली तेव्हा दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, आईने दोरी बांधली होती आणि दोरीला कपड्यांचे चिमटे लावून सगळ्या पट्ट्या टांगल्या होत्या. त्या ओल्या आणि चकचकीत होत्या, मावळतीचं ऊन त्यांतून नारिंगी होऊन भिंतीवर पडलं होतं. आई खुर्चीत बसली होती, दमलेली, खूश. तिच्या मांडीवर लेकीचा तो द्रव होता, दुकानातून मागवलेली नवी बाटली, जवळजवळ रिकामी. पायाशी करड्या फडक्यांचा ढीग पडला होता.

"एकूणएक पुसल्या," आई म्हणाली. "तू करतेस तशाच, दोन्ही बाजूंनी. म्हटलं, तेवढीच तुला मदत. काय झालं? अगं, अशी का बघतेस?"

तिने पहिली पट्टी उन्हाकडे वळवली, मग दुसरी, मग ती पट्ट्या बघायची थांबली आणि पिशवीतून फोन काढला. त्याचा आवाज ऐकायचा, तो काहीतरी वात्रट बोलेल, तेवढं पुरे होतं. तिने नावं वर सरकवली, खाली सरकवली. बँकेचं नाव होतं, भाजीवाल्याचं होतं. त्या दोन नावांच्या मध्ये काहीतरी असायला हवं होतं असं तिला वाटलं. ती दोन्ही नावं वाचत राहिली. खाली रस्त्यावर शिकाऊ कुणीतरी गाडी बंद पाडली, पुन्हा सुरू केली.

"कुणाला लावतेस फोन?" आईने विचारलं.

तिने फोनकडे पाहिलं. "कुणाला नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पुढचे दिवस काम भराभर झालं. पट्ट्या इतक्या स्वच्छ होत्या की धूळ काढायची खूण लावावीच लागली नाही. तिने टेबल पुसलं, काच पुसली, करडी फडकी धुऊन टाकली. लग्न मोडल्यावर आपण टॅक्सीने एकट्याच या घरी कशा आलो, ड्रायव्हर वाटभर एक शब्द बोलला नाही, हे तिला काम करता करता मध्येच आठवायचं, आणि का कोण जाणे, ती आठवण तिला जरा खरखरीत लागायची. रविवारी ती जेवण जास्त करून ठेवायची आणि मग दोन दिवस दोघी शिळं खायच्या. "अंदाज चुकतो हल्ली तुझा," आई म्हणायची.

पंचाहत्तरीच्या संध्याकाळी शेजारपाजारचे आले, दुकानाचे मालक सहकुटुंब आले. भिंतीवर पांढरी चादर ताणली, पडदे ओढून घेतले, आणि एकामागून एक फोटो येऊ लागले. रंग असे की काल काढलेत. एकही ठिपका नाही, एकही ओरखडा नाही. "नाव ठेवायला जागा नाही," मालक म्हणाले, "एकुलत्या एक मुलीचे किती फोटो काढलेत बापाने!" सगळे हसले, आईही हसली, आणि लेकीने ओढणीच्या टोकाने उगाचच डोळे पुसले. आनंदाचंच पाणी असेल, असं ती स्वतःला सांगत होती.

शेवटून दुसरा फोटो एका मैदानातला होता. लोखंडी खांबाला शेजारी शेजारी दोन झोके. एकावर ती, वेण्या मागे उडालेल्या, पाय आभाळात. दुसरा झोकाही तितक्याच उंच गेलेला होता, पाट तिरका, दोन्ही साखळ्या ताणून ताठ, आणि त्यावर कुणी नव्हतं. दोन्ही झोक्यांच्या मागे तरुण आई उभी होती. नुकता झोका देऊन रिकामे झालेले दोन्ही हात पुढे, मान दुसऱ्या झोक्याकडे वळलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू की ते बघून खोलीतली कुजबुज थांबली.

तिने पुढचा फोटो आणायला बोट उचललं.

"थांब," अंधारातून आई म्हणाली. ती खुर्चीतून उठली, चादरीच्या अगदी जवळ गेली आणि कितीतरी वेळ स्वतःच्या त्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने मागे वळून लेकीला हळूच विचारलं,

"मी कुणाकडे बघून हसतेय गं?"